राजवधूच्या चित्राखाली चित्रकर्तीचे नाव हवे होते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातील वधूवेशांविषयी एक देखणे सचित्र पान गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. पैठणी आणि कांजीवरम यांच्या शेजारी, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, एका युरोपीय तरुणीचे छातीपर्यंतचे चित्र होते आणि त्याखाली ‘अठराव्या शतकातील व्हेनिसच्या राजवधूचे तैलचित्र’ एवढी एकच ओळ होती. मी सोलापुरातील शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवली आहे. हे चित्र मला फार वर्षांपासून ओळखीचे आहे, त्यामुळे ती ओळ वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. त्या ओळीतील जवळजवळ प्रत्येक शब्द दुरुस्त करावा लागेल, परंतु माझी खरी तक्रार त्या ओळीत जे छापलेच नाही त्याबद्दल आहे. हे चित्र एका स्त्रीने काढले आहे. तिचे नाव रोझाल्बा कॅरिएरा. आपल्या काळी ती साऱ्या युरोपात इतकी नावाजलेली होती की राजे तिच्या चित्रांसाठी वाट पाहत असत, आणि आज आपल्या पानावर तिच्या चित्राला जागा मिळाली पण तिला मिळाली नाही.

प्रथम चित्रातील मुलीविषयी लिहिते. ती व्हेनिसची नव्हे. उत्तर इटलीत मोडेना नावाचे एक लहान संस्थान होते, तेथील ड्यूक रिनाल्दो द’एस्ते यांची ती धाकटी मुलगी एन्रिकेत्ता. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना अक्कलकोट संस्थान ठाऊक आहे. घराणे जुने, मान मोठा, मुलूख लहान आणि शेजारी बलाढ्य, असेच काहीसे मोडेनाचे होते. रिनाल्दो हे आधी रोमन चर्चचे कार्डिनल होते. गादीला दुसरा वारस उरला नाही म्हणून त्यांनी १६९५ मध्ये ते धर्मपद सोडले आणि जर्मनीतील ब्रुन्सविक घराण्यात लग्न केले. त्यांची पत्नी १७१० मध्येच वारली. १७२३ साली घरात तीन मुली लग्नाच्या होत्या: १६९७ मध्ये जन्मलेली बेनेदेत्ता, १६९९ मधील अमालिया आणि १७०२ मधील एन्रिकेत्ता. आईविना वाढलेल्या तीन मुली, त्यांतली मोठी पंचविशी ओलांडलेली, आणि वडील वयाने सत्तरीकडे झुकलेले. त्या घरातील काळजी समजून घेण्यासाठी इटलीचा इतिहास माहीत असण्याची गरज नाही.

ड्यूकने त्या वर्षी रोझाल्बाला व्हेनिसहून मोडेनाला बोलावून घेतले ते याच काळजीपोटी. तीन मुलींची चित्रे काढायची आणि ती परदेशातील दरबारांत पाठवायची, म्हणजे तेथील राजपुत्रांच्या वडीलधाऱ्यांना मुली पाहता येतील. मुलींचा भाऊ फ्रान्चेस्को याचे लग्न १७२० मध्ये फ्रान्सच्या बालराजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ड्यूकच्या मुलीशी झाले होते, तेव्हा मोठ्या घरांकडे नजर लावण्याला आधारही होता. एका मुलीचे एकच चित्र काढून भागणार नव्हते. जितके दरबार तितक्या प्रती हव्यात, आणि रोझाल्बाने त्या पुन्हा पुन्हा काढल्या. म्हणूनच या बहिणी आज एका ठिकाणी नाहीत. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहात तिघी आहेत, आणि एन्रिकेत्ता फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातही आहे.

तेव्हा आपल्या चित्रओळीतला ‘राजवधू’ हा शब्दही बरोबर नाही, महोदय. चित्र १७२३ चे आहे आणि एन्रिकेत्ताचे लग्न त्यानंतर चार-पाच वर्षांनी झाले. चित्रात दिसते ती उपवर मुलगी. तिच्यासमोर अजून कोणतेही घर नाही, कोणताही नवरा नाही. तिला फक्त नीट दिसायचे आहे. हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठी थोडे घरचे लिहिते.

१९६९ च्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीसाठी, आमच्या आक्कासाठी, स्थळे पाहणे सुरू झाले. अण्णांनी तिला शहरातील एका फोटो स्टुडिओत नेले आणि मीही हट्टाने बरोबर गेले. फोटो काळा-पांढराच निघे, मग त्यावर हाताने रंग भरले जात. स्टुडिओच्या मागच्या लहान खोलीत एक तरुण मुलगी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, तो रंगात बुडवून, आक्काच्या गालांवर तांबूस छटा देत होती. साडीचा काठ हिरवा, कुंकू लाल, आणि चेहऱ्याचा रंग आक्काच्या खऱ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ. आक्का सावळी होती. ती मुलगी काम करताना एकदा थांबली, आक्काकडे पाहिले आणि कानाच्या पाळीजवळचा भाग तिने मुद्दाम न उजळवता ठेवला. तिने तसे का केले हे तेव्हा मला कळले नाही. पुढे स्वतः चित्रे काढू लागल्यावर कळले की ज्याला नीट पाहता येते त्याला पूर्ण खोटे काढवत नाही. तो फोटो बार्शीला गेला, लातूरला गेला, विजापूरला गेला, आणि एक कोपरा दुमडून परत आला. त्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता. रंग भरणाऱ्या मुलीचे नाव नव्हते. मी नंतर अण्णांना विचारले, आक्काला विचारले. कोणालाही ते माहीत नव्हते. मी चित्रकलेकडे वळले ती त्या खोलीच्या दारात उभी राहून, आणि जिच्यामुळे वळले तिचे नाव मला कधीच घेता आले नाही. आपल्या पानावरची ती बिननावाची चित्रओळ मला का टोचली हे यावरून आपल्या लक्षात यावे.

आता ‘तैलचित्र’ या शब्दाकडे वळते. माझ्या मते ही त्या ओळीतील सर्वांत मोठी चूक आहे, कारण साधन चुकीचे सांगितले की चित्राची सारी हकीकतच चुकते. हे चित्र कागदावर कोरड्या रंगीत खडूंनी, म्हणजे पेस्टलने काढलेले आहे. घोटाळा कसा होतो हेही मला ठाऊक आहे. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले दुकानात जाऊन ‘पेस्टल’ मागतात तेव्हा दुकानदार त्यांच्या हातात ऑइल पेस्टलची पेटी ठेवतो. ते मेणचट, तेलकट खडू विसाव्या शतकात जपानमध्ये तयार झाले. रोझाल्बाच्या काळात ते नव्हते. तिचे खडू अगदी वेगळे होते. रंगद्रव्याची बारीक पूड आणि खडूसारखी पांढरी माती डिंकाच्या अगदी पातळ पाण्यात मळायची, लाटून कांड्या करायच्या आणि त्या वाळवायच्या. डिंक जास्त झाला तर कांडी कागदावर ओरखडते, कमी पडला तर हातातच भुगा होतो. ज्यांनी ज्वारीचे पीठ मळून भाकरी थापली आहे त्यांना पाणी थोडे इकडेतिकडे झाले की काय होते हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत अनेक कांड्या लागतात, कारण पातळ केलेले रंग पाटीवर कालवावेत तसे हे रंग कालवता येत नाहीत. ते कागदावरच एकमेकांवर घासून, बोटाने पसरून जुळवावे लागतात.

तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या किंवा तशाच वाळणाऱ्या तेलात घोटलेले असते आणि एक थर वाळेपर्यंत दिवसेंदिवस थांबावे लागते. पेस्टलला वाळणे नाही. समोर बसलेल्या माणसाला कमी वेळ ताटकळावे लागते, चित्रकार हवे तेव्हा थांबून हवे तेव्हा पुन्हा सुरू करू शकतो, आणि काम झाले की चित्रावर काच घालून ते लगेच पाठवता येते. तीन मुली, प्रत्येकीच्या अनेक प्रती आणि उत्तराची वाट पाहणारा बाप, अशा कामासाठी याहून योग्य साधन नव्हते. शिवाय कोरड्या रंगाचा मऊपणा त्वचेला फार शोभतो. तेलाचा थर चकाकतो. पेस्टलची पूड प्रकाश पसरवून देते आणि गालावर जणू श्वास असल्यासारखे वाटते. त्या काळी उमरावघरांतील स्त्रिया केसांवर पांढरी पावडर घालत, आणि पावडर दाखवायला पावडरीसारख्याच रंगाइतके चांगले काय असणार?

रोझाल्बाची खरी करामत लेस काढण्यात आहे. पांढऱ्या खडूची कांडी आडवी धरून ती खालच्या रंगावरून अगदी हलक्या हाताने ओढली की कागदाच्या बारीक उंचवट्यांवर रंग बसतो आणि मधल्या खोलगट जागा रिकाम्या राहतात. लेसची जाळी अशी उभी राहते. एकेक धागा काढत बसावे लागत नाही. तिची आई आल्बा लेस विणण्याचे काम करीत असे, त्यामुळे लेस कशी पडते आणि तिचा काठ कसा वळतो हे मुलीने लहानपणापासून घरात पाहिलेले होते. पद्मशाली घरांतील, विड्या वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या आयांच्या मुली मी वर्षानुवर्षे शिकवल्या आहेत. त्यांच्या हातात कापडाची घडी, काठाचा ताण आणि धाग्याचे वजन यांची जी जाण असते ती पुस्तकातून येत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. एकदा चौथ्या बाकावरच्या एका मुलीने चादरीच्या घडीचे असे चित्र काढले की मी ते वर्गभर फिरवले. आल्बाच्या मुलीचे चित्र पाहताना मला दर वेळी ती मुलगी आठवते.

पेस्टलचा दोषही सांगितला पाहिजे, कारण तो या चित्रांच्या नशिबाशी जोडलेला आहे. कागदावर बसलेली ही पूड घट्ट चिकटलेली नसते. धक्का बसला तर ती सुटते, बोट लागले तर पुसते, प्रखर उजेडात काही रंग उडतात आणि ओल लागली तर बुरशी धरते. एका शाळेत असताना मी शिक्षकांच्या खोलीत माझे एक पेस्टलचे व्यक्तिचित्र काच न घालताच टांगले होते; दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत कोणीतरी प्रामाणिकपणे ओल्या फडक्याने ते स्वच्छ पुसून काढले आणि चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग उरला. मोडेनाहून निघालेली ती चित्रे घोडागाड्यांच्या धक्क्यांतून, डोंगरांतून आणि नद्यांवरून गेली आणि त्यांतली काही तीनशे वर्षे टिकली याचे मला खरोखर नवल वाटते. रोझाल्बाच्या काही चित्रांच्या चौकटी नंतर उघडल्या तेव्हा मागच्या बाजूला संतांच्या लहान छापील तसबिरी ठेवलेल्या आढळल्या. चित्र सुखरूप पोहोचावे म्हणून तेथे एक प्रार्थना ठेवलेली असे. नव्या मागाला हळदकुंकू लावून नारळ फोडणाऱ्या आपल्या गावाला हे समजायला वेळ लागणार नाही.

ज्या बाईचे नाव आपण गाळले तिच्याविषयी आता थोडे सविस्तर लिहिते. रोझाल्बाचा जन्म १६७३ मध्ये व्हेनिसमध्ये झाला. वडील कारकून, आई लेस विणणारी, घरात तीन मुली. सुरुवातीला ती तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर हस्तिदंतावरची बारीक चित्रे काढत असे. १७०५ मध्ये रोमच्या सेंट ल्यूक अकादमीने तिला सभासद करून घेतले. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली, तेथे पिएर क्रोझा या धनाढ्य संग्राहकाच्या घरी राहिली, दहा वर्षांच्या राजा पंधराव्या लुईचे चित्र काढले आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीनेही तिला आपल्यात घेतले. त्या संस्थेत स्त्रिया अगदी मोजक्याच येऊ शकल्या. तिच्या येण्याने पॅरिसमध्ये पेस्टलची लाटच आली. १७३० मध्ये ती व्हिएन्नाच्या सम्राटाच्या दरबारात काम करून आली. सॅक्सनीचा राजपुत्र, जो पुढे पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस झाला, तिचा इतका चाहता होता की त्याच्या ड्रेस्डेनच्या संग्रहात तिची दीडशेहून अधिक पेस्टल चित्रे होती. त्यांपैकी ७० हून अधिक आजही तेथे आहेत. जगात इतरत्र कोठेही तिची इतकी चित्रे एकत्र नाहीत.

तिने लग्न केले नाही. ग्रँड कॅनॉलच्या काठावरच्या घरात ती आई आणि बहिणींसह राहत असे, घर तिच्या कमाईवर चाले, आणि बहीण जोव्हाना तिला कामात हातभार लावी. आपल्या हाताखाली तिने मुलींना शिकवले. त्यांतील फेलिचिता सार्तोरी पुढे स्वतः ड्रेस्डेनच्या दरबारी गेली. स्वतः अविवाहित राहिलेल्या बाईने लग्नाच्या बाजारासाठी मुलींची चित्रे काढावीत यात काही जणांना विसंगती दिसेल. मला दिसत नाही. मला असे वाटते की ड्यूकने तिलाच बोलावण्याचे एक कारण हेही असावे की मुली तिच्यासमोर अवघडून बसणार नव्हत्या. अर्थात हे माझे मत आहे आणि ते मी चित्रावरूनच बनवले आहे. एन्रिकेत्ताची नजर पाहा. परक्या पुरुषासमोर दाखवायला बसवलेल्या मुलीचे डोळे असे नसतात. आक्काच्या फोटोतले डोळे मला आठवतात. ते स्टुडिओतल्या माणसाच्या खांद्यापलीकडे भिंतीवर कोठेतरी खिळलेले होते.

अशी चित्रे केवळ शोभेसाठी नसत, त्यांवर राज्यांचे निर्णय होत, हे समजण्यासाठी १७२५ साल पाहावे. ज्या बालराजाचे चित्र रोझाल्बाने पॅरिसमध्ये काढले होते त्याचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी ठरलेले होते. ती पॅरिसला येऊन राहिलीही होती, परंतु ती अवघी सात वर्षांची असल्याने वारसासाठी फार थांबावे लागेल म्हणून तिला परत पाठवण्यात आले. मग मंत्र्यांनी युरोपातील सुमारे शंभर राजकन्यांची यादी केली आणि एकेक नाव खोडत गेले: ही वयाने मोठी, हिचा धर्म वेगळा, हिचे घराणे लहान. निवड झाली पदच्युत पोलिश राजाची मुलगी मारी लेश्चिन्स्का हिची, आणि त्याआधी चित्रकार पिएर गोबेर याला तिचे चित्र काढून आणण्यासाठी पाठवले गेले. यादी करणे, खोडणे, फोटो मागवणे. आपल्या शहरातील वधूवर मेळाव्यांच्या पुस्तिका चाळणाऱ्या कोणत्याही आईबापाला यातले काहीच अपरिचित वाटणार नाही.

मोडेनाच्या मुलींचे पुढे काय झाले हेही वाचकांना कळायला हवे. चित्रे गेली, पण अपेक्षेप्रमाणे मागण्या आल्या नाहीत. बेनेदेत्ता आणि अमालिया या दोन्ही थोरल्या बहिणींचे कोणत्याही राजघराण्यात लग्न झाले नाही. एन्रिकेत्ताचे लग्न १७२७ मध्ये शेजारच्या पार्माच्या ड्यूकशी, अंतोनिओ फार्नेसे याच्याशी, प्रतिनिधीमार्फत लावण्यात आले आणि पुढच्या वर्षी ती सासरी गेली. तीन वर्षांनी, १७३१ च्या जानेवारीत, तो वारला. फार्नेसे घराण्यातला तो शेवटचा पुरुष होता. मरताना त्याने मृत्युपत्रात आपल्या पत्नीच्या पोटातील बाळाला वारस ठरवले. विधवा एन्रिकेत्ता गरोदर आहे की नाही यावर मग स्पेन आणि ऑस्ट्रिया यांच्यासारख्या सत्तांचे लक्ष लागले, सुइणींनी तिची तपासणी केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती गरोदर नसल्याचे उघड झाले. गादी स्पेनच्या राणीच्या मुलाकडे गेली. एका बाईच्या पोटाची अशी जाहीर चर्चा महिनोन्महिने चालली, आणि त्या काळात ती काय सोसत असेल याचा विचार करताना मला ते १७२३ चे चित्र पाहवत नाही. पुढे १७४० मध्ये तिने हेस घराण्यातील लिओपोल्डशी दुसरे लग्न केले, आणि १७७७ मध्ये ती वारली.

रोझाल्बाचा शेवटही सोपा नव्हता. नजरेवर जिचे सारे आयुष्य उभे होते तिची दृष्टी १७४० च्या दशकात मंदावत गेली. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, काही काळ थोडे दिसू लागले, परंतु अखेरची काही वर्षे तिने अंधत्वात काढली आणि १७५७ मध्ये व्हेनिसमध्ये तिचा मृत्यू झाला. माझ्याही डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मागच्या वर्षी सोलापुरातच झाली. अर्ध्या तासात काम झाले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मला पहिल्यांदा दिसला तो खिडकीच्या पडद्याचा निळा रंग. त्या क्षणी मला तिची आठवण झाली हे मी अतिशयोक्ती न करता लिहीत आहे.

नावाचा हा आग्रह सोलापुरातून धरला जावा याला माझ्या दृष्टीने कारण आहे. आपल्या शहराच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे नाव शहराच्या नावाने जगभर जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या चादरीवरचा मोर, ती वेल, ती चौकट ज्याने चौकोनी आखलेल्या कागदावर एकेक खाना रंगवून पहिल्यांदा काढली आणि ज्याने मागावर नक्षी उतरवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांना त्याप्रमाणे भोके पाडली, त्यांची नावे चादरीच्या कोणत्याही लेबलावर मी वाचलेली नाहीत. संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर श्रीसिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी जिचा विवाह आपण दरवर्षी अक्षता टाकून साजरा करतो तिलाही आपण कुंभारकन्या म्हणूनच ओळखतो. श्रद्धेच्या गोष्टीत असे चालते, कारण तेथे भाव मोठा असतो. वर्तमानपत्राच्या छापील ओळीत मात्र ते चालू नये. कारण तेथे नाव उपलब्ध असते आणि ते छापायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

आपल्या पुरवणीत रवि वर्म्याचे चित्र येते तेव्हा त्याखाली रवि वर्म्याचे नाव असतेच, आणि ते तसे नसते तर दहा पत्रे आली असती. म्हणून माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. येत्या रविवारी त्या ओळीची दुरुस्ती छापावी. आणि यापुढे कोणतेही चित्र छापताना चित्रकाराचे नाव, साधन आणि साल देण्याचा नियम आपल्या कचेरीत करावा. शाळकरी मुले ती चित्रे कापून वहीत चिकटवतात आणि खालची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतात, हे मी 31 वर्षे पाहिले आहे. दुरुस्तीसाठी जागा कमी असेल तर पुढील एवढे पुरे होईल: ‘एन्रिकेत्ता द’एस्ते, मोडेनाच्या ड्यूकची मुलगी. चित्रकार रोझाल्बा कॅरिएरा, व्हेनिस. कागदावर पेस्टल, १७२३.’

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सोलापूर